समुद्री तटबंदीचे फोटो सपाट का येतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. समुद्राला लागून जुनी तटबंदी असलेल्या एका बंदर-शहरात तीन दिवसांचा मुक्काम ठरला आहे. जवळ फुल-फ्रेम कॅमेरा, २४-१०५ मिमीची झूम लेन्स आणि ट्रायपॉड आहे. याआधी अशाच एका शहरात काढलेले फोटो सगळे सपाट आले. समोर उभं राहिल्यावर अंगावर येणारी भिंत फोटोत नुसती दगडांची पट्टी होऊन बसते. तर वाइड लेन्स घ्यावी का, लाँग एक्स्पोजरसाठी (शटर बराच वेळ उघडं ठेवण्यासाठी) उजेड कमी करणारा एनडी फिल्टर घ्यावा का, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी जावं?

वाइड लेन्स घेऊ नका. फिल्टरचं पुढे सांगतो. तुमच्या फोटोंचं दुखणं लेन्समध्ये नाही. तटाचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे न बघता तुम्ही फोटो काढता, दुखणं तिथे आहे. ‘सूर्योदयाला नाहीतर सूर्यास्ताला जा’ हा सल्ला डोंगर, तळी, शेतं यांना चालून जातो, कारण त्यांची कुठली ना कुठली बाजू उन्हाला तिरकी असतेच. सरळ भिंतीला तोंड एकच. त्यावर ऊन समोरून पडलं की सांधे, खाचा, झीज सगळं पुसलं जातं. तेच ऊन भिंतीच्या अंगाला घासत गेलं की एकेक दगड सुटा होऊन पुढे येतो. सूर्यास्ताचं सोनेरी ऊन समोरून पडलं तरी भिंत सपाटच राहते, फक्त सोनेरी सपाट.

म्हणून निघण्याआधी उपग्रह नकाशा उघडा. तटाचा प्रत्येक सरळ भाग घ्या आणि त्याला काटकोनात, समुद्राकडे जाणारी दिशा अंशांत लिहून ठेवा: उत्तर शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. मग सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही ॲप घेऊन त्या तारखेला सूर्य किती अंशांवर उगवतो आणि मावळतो ते बघा. तटाचा आकडा आणि सूर्याचा आकडा यांत ६० ते ७५ अंशांचा फरक पडतो, ती वेळ तुमची. फरक ३० च्या आत असेल तर ऊन समोरचं आहे, त्या वेळी दुसरीकडे जा. ८० च्या पुढे पोत भरपूर दिसतो, पण सावल्या काळ्या ठिक्कर पडतात. ९० ओलांडले की तट सावलीत गेला.

माल्टाची राजधानी व्हॅलेटा घेऊन बघू, कारण तिथे हे गणित स्वच्छ बसतं. ऑटोमन तुर्कांच्या १५६५ च्या मोठ्या वेढ्यानंतर सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे एका ख्रिस्ती लष्करी पंथाच्या सरदारांनी, १५६६ मध्ये हे शहर वसवायला घेतलं. आराखडा फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याचा. शहर एका लांबट भूशिरावर आहे आणि ते भूशिर नैऋत्येकडून ईशान्येकडे गेलेलं आहे. एका अंगाला ग्रँड हार्बर, दुसऱ्या अंगाला मार्सामशेटचं बंदर. म्हणजे लांब तटांची तोंडं मुख्यतः दोनच: ग्रँड हार्बरकडच्याचं साधारण आग्नेयेला, १३५ अंशांच्या आसपास, आणि मार्सामशेटकडच्याचं वायव्येला, ३१५ च्या आसपास. माल्टात जूनच्या शेवटी सूर्य सुमारे ६० अंशांवर उगवतो आणि ३०० वर मावळतो. डिसेंबरच्या शेवटी तो सुमारे ११९ वर उगवतो आणि २४१ वर मावळतो.

आता वजाबाकी करा. डिसेंबरात ग्रँड हार्बरच्या तटावर सकाळचं ऊन जवळजवळ समोरून येतं. जूनमध्ये तेच ऊन ७५ अंशांनी तिरकं येतं आणि पुढचे दोनेक तास कामाचं राहतं. मार्सामशेटच्या बाजूला नेमकं उलट. जूनचा सूर्यास्त भिंतीच्या तोंडावर येऊन थडकतो, डिसेंबरचा शेवटचा अर्धा तास मात्र बुरुजांच्या सावल्या लांबवर ओढत नेतो. तेव्हा उन्हाळ्यात गेलात तर पहाटे ग्रँड हार्बरपलीकडच्या सेंग्लियाच्या टोकावर उभे राहा. तिथल्या गार्डयोला नावाच्या टेहळणीच्या कोठीवर डोळा आणि कान कोरलेले आहेत, आणि ग्रँड हार्बरचा तट तिथून पूर्ण समोर येतो. हिवाळ्यात गेलात तर संध्याकाळी मार्सामशेटपलीकडच्या स्लीमाच्या टिन्ये पॉइंटवर जा. शहर तेच, तट तोच, पण सहा महिन्यांच्या अंतरानं उभं राहायची जागा आणि वेळ दोन्ही उलटतात. ‘व्हॅलेटाचे सर्वोत्तम दहा स्पॉट’ छापाच्या याद्यांमध्ये महिना लिहिलेला नसतो, म्हणून त्या निम्म्याच उपयोगाच्या.

हे गणित विषुववृत्ताजवळ वेगळं वळण घेतं. श्रीलंकेतलं गॉल साधारण ६ उत्तर अक्षांशावर आहे. पोर्तुगिजांनी १५८८ मध्ये तिथे किल्ल्याची सुरुवात केली, १६४० मध्ये तो डचांनी घेतला आणि आज दिसते ती तटबंदी मुख्यतः डचांची. इथे सूर्य वर्षभर ठीक पूर्वेच्या आणि ठीक पश्चिमेच्या फार लांब सरकत नाही, दोन्हीकडे फार तर २४ अंश. त्यामुळे पश्चिमेच्या तटावर सूर्यास्ताचं ऊन बारा महिने समोरूनच येतं. सगळे त्याच वेळी तिथे जमतात, कारण आकाश सुंदर असतं. आकाशाचे फोटो काढा, ते चांगले येतील. तटाचे काढायचे असतील तर दुपारी दीड-दोनला जा. सूर्य महिन्याप्रमाणे साधारण ५० ते ७० अंश उंचावर असतो, ऊन भिंतीवरून वरून खाली घासत येतं आणि प्रत्येक आडव्या सांध्याखाली सावलीची बारीक रेघ पडते. दुपारी फोटो काढू नयेत असं सगळीकडे शिकवतात. उष्ण कटिबंधातल्या उभ्या भिंतीला तो नियम लागू नाही.

आणि ऊन समोरचंच मिळालं, दुसरी वेळ नाही, तर? तर बुरुजाचा कोपरा शोधा. तोफांच्या काळातले बुरूज बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले असतात, म्हणजे त्यांच्या दोन बाजू दोन दिशांना बघतात. मधला सरळ तट कितीही सपाट दिसो, बुरुजाची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत अशी जागा बहुतेक वेळा सापडते. दोन्ही बाजू फ्रेममध्ये घेतल्या की जाडी, उंची, कोन सगळं आपोआप कळतं. ढगाळ दिवस असेल तर पोताचा नाद सोडा. ओला दगड, रंगांचे पट्टे आणि लाटा यांच्याकडे वळा.

आता पाणी. समुद्री तटाचा पाया दिसतो की बुडतो यावर फोटो पूर्ण बदलतो, आणि हे भरती-ओहोटीवर ठरतं. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचं सां-मालो याबाबतीत टोकाचं आहे. मोठ्या उधाणाला तिथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक १२ मीटरच्या पुढे जातो. सकाळी तटाच्या पायाशी लाटा फुटत असतात आणि दुपारी तिथेच लांबवर वाळू पसरलेली असते, लोक चालत फोर नॅसिओनाल या १६८९ च्या किल्ल्यापर्यंत आणि ग्राँ-बे बेटापर्यंत जातात.

भरती-ओहोटीच्या वेळांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, पण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण मात्र त्या त्या ठिकाणी दर वेळी घड्याळाच्या साधारण त्याच ठोक्याला येतं. सां-मालोत उधाणाची पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सात-आठच्या आसपास येते, म्हणजे पूर्ण ओहोटी दुपारी. कोवळं ऊन आणि तटाला भिडलेलं पाणी हे दोन्ही एकत्र हवं असेल तर तिथे उधाणाचे दिवस धरा. कोवळ्या उन्हात उघडा पाया आणि ओली वाळू हवी असेल तर भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी असतो त्या दिवसांकडे जावं लागतं, पण तेव्हा पाणी फार मागे हटत नाही. दोन्ही एका मुक्कामात मिळत नाही, कारण उधाण आणि भांग यांच्यात आठवडाभराचं अंतर असतं. तुमच्या तीन दिवसांच्या तारखा अजून हलवता येत असतील तर विमानाच्या तिकिटाआधी भरतीचं वेळापत्रक बघा. तुमच्या शहरात उधाणाची भरती किती वाजता येते हे एकदा कळलं की ते ज्ञान कायमचं.

मला स्वतःला पूर्ण भरतीपेक्षा भरतीनंतरचे दोन तास आवडतात. पाणी उतरत असतं, तटाचा खालचा भाग ओला असतो आणि रंगांचे पट्टे उघडे पडतात. थंड प्रदेशातल्या ग्रॅनाइटच्या तटावर हे पट्टे वरून खाली अगदी ठरलेल्या क्रमानं येतात. सगळ्यांत वर, जिथे फक्त तुषार पोचतात तिथे पिवळी-नारिंगी दगडफुलं. त्याखाली डांबर फासल्यासारखा काळा पट्टा. तोही बहुतांशी दगडफुलांचाच. त्याखाली खडकाला चिकटून बसणाऱ्या बारीक कवचांच्या जीवांचा पांढुरका थर, मग हिरवं शेवाळ, आणि अगदी तळाशी तपकिरी समुद्री वनस्पती. समुद्र रोज कुठपर्यंत चढतो ते या पट्ट्यांवरून वाचता येतं. लाट नसली तरी पाण्याची ताकद फोटोत येते ती यांच्यामुळे. पोलरायझर फिल्टरची खरी जागा इथे: ओल्या दगडावरची चमक कापली की खालचे रंग दाट होतात. मात्र दगडांच्या पाठीमागून कॅमेऱ्याकडे येणाऱ्या उन्हात ओल्या दगडाची चमक हाच फोटोचा जीव असतो, तेव्हा पोलरायझर काढून खिशात ठेवा.

सां-मालोबद्दल आणखी एक. ऑगस्ट १९४४ च्या लढाईत तटाच्या आतलं शहर बहुतांशी जळून आणि कोसळून गेलं, तट मात्र बराचसा उभा राहिला. आज तटावरून डोकावणारी करड्या दगडाची उंच घरं युद्धानंतर पुन्हा बांधलेली आहेत. तट आणि त्यामागची घरं यांच्या दगडावरची झीज तुलना करून बघण्यासारखी आहे. लांब लेन्सनं दोन्ही एका फ्रेममध्ये घट्ट घेतली तर फरक दिसतो.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावापुरतीच असते. माल्टात फरक जेमतेम वीसेक सेंटिमीटर. तिथे वेळापत्रक वाऱ्याचं बघायचं. हिवाळ्यात ईशान्येकडून येणारा ग्रेगाले नावाचा वारा ग्रँड हार्बरच्या तोंडात सरळ घुसतो. त्या दिवशी सेंट एल्मो किल्ल्याच्या टोकाकडच्या आणि लाटारोधक भिंतीवरच्या लाटा बघण्यासारख्या असतात. क्यूबातल्या हवानात हिवाळी थंड लहरीबरोबर उत्तरेचा वारा सुटतो आणि १९०१ पासून टप्प्याटप्प्यानं बांधलेल्या मालेकॉन या समुद्राकाठच्या भिंतीवरून पाणी रस्त्यावर येतं. गॉलला मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे. मोरोक्कोतल्या एस्साविरात उन्हाळाभर वारा इतका धरून असतो की स्काला दे ला व्हिलच्या तोफांच्या रांगेपाशी ट्रायपॉड उभा करणं म्हणजे कॅमेरा हलवायची सोय करणं. तिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा आणि हातातच धरा. एस्साविराची ही तटबंदी १७६० च्या दशकातली, सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दुल्लाच्या काळातली. चर्यांच्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दातेरी कठड्याच्या, खाचांमधून दिसणारा समुद्र हाच तिथला फोटो आहे.

काही शहरांत समुद्री तटाजवळ समुद्रच उरलेला नाही. इस्तंबूलच्या मार्माराकडच्या तटाला १८७० च्या दशकात रेल्वेमार्गानं छेद दिला आणि १९५० च्या दशकात भराव टाकून समोरून मोठा रस्ता नेला. अशा ठिकाणी पाण्यासकट भव्य दृश्य शोधत फिरू नका. तट, रूळ, गाड्या, भाजीचे वाफे, तटाला टेकून बांधलेली घरं हाच तिथला विषय. तोच प्रामाणिकपणे काढा.

उभं कुठे राहायचं? बहुतेक लोक तटावर चढतात आणि तिथून तटाचे फोटो काढतात. फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालताना तटाचा माथा, वळणं, चर्या दिसतात, पण तुमच्या पायाखालची भिंत दिसत नाही. तिची उंची कळते ती पाण्यापलीकडून किंवा पाण्यावरून. समोरचा किनारा, लाटारोधकाचं टोक, बंदरातली फेरी-बोट या तीन जागा आधी नकाशावर शोधा. व्हॅलेटाहून स्लीमाकडे आणि पलीकडच्या तीन शहरांकडे फेऱ्या जातात. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकचा तट १९४० मीटर लांब आणि काही ठिकाणी २५ मीटर उंच आहे, पण त्यावरून ठरलेल्या वेळेतच आणि एकाच दिशेनं चालता येतं. पहाटेचा आणि उशिराचा प्रकाश तटावरून मिळतोच असं नाही. तिथे बाहेरच्या जागा, म्हणजे लोव्हरियेनात्स किल्ल्याचा सुळका किंवा होडी, जास्त कामाच्या. नाहीतरी समुद्राकडचा तिथला तट साधारण दक्षिणेला तोंड करून आहे. हिवाळ्यात खालून फिरणारा सूर्य त्याला दोन्ही बाजूंनी तिरका मिळतो, उन्हाळ्यात सकाळी उशिरापर्यंत तो सावलीत असतो.

होडीवरून काढताना शटर १/५०० च्या खाली नेऊ नका, आणि कठड्यावर कोपर टेकू नका. इंजिनाची थरथर हातात उतरते. गुडघे थोडे वाकवून मोकळं उभं राहायचं. क्षितिज दर फोटोत वाकडं येणार आहे, म्हणून कडेला जागा सोडून काढा, नंतर सरळ करता येतं.

यातून लेन्सचं उत्तरही मिळतं. पाण्यापलीकडून काढायचं म्हणजे ७० मिमीच्या पुढचा भाग लागतो. तुमच्या लेन्सचं १०५ चं टोक बऱ्याच वेळा पुरेल, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ७०-२०० घ्या. वाइड लेन्स तटाजवळ उभं राहून वापरली की समोरची फरशी फ्रेमभर पसरते आणि तट मागे आक्रसतो. तुमच्या ‘दगडांच्या पट्टी’मागे हेही एक कारण असणार. वाइड एकाच परिस्थितीत खरी उपयोगी: ओहोटीला पायथ्याशी अगदी भिंतीलगत उभं राहून, भिंतीच्या रेषेत बघताना. तेव्हा जवळचा दगड मोठा होतो आणि तट धावत लांब जातो.

एक गोष्ट जवळजवळ सगळे चुकवतात, कसलेले लोकसुद्धा. तोफांना तोंड देण्यासाठी बांधलेले तट उभे सरळ नसतात. खाली रुंद, वर आत झुकलेले असतात. मागच्या मातीच्या भरावाचा रेटा सहन व्हावा म्हणून ही रचना. फोटो संगणकावर उघडला की सॉफ्टवेअरला ती कड तिरकी दिसते आणि ते ‘दुरुस्त’ करतं. तट उभा होतो, आणि त्याचा बसकेपणा, पाय रोवून उभं राहणं निघून जातं. स्वयंचलित उभ्या रेषांची सुधारणा बंद ठेवा. सरळ करायचंच असेल तर क्षितिज, मागच्या घराची भिंत किंवा चर्चचा मनोरा यांना ओळंबा धरा, तटाला नाही.

दगड ओळखल्याशिवाय एक्स्पोजर नीट लागत नाही. माल्टातला दगड मधाच्या रंगाचा मऊ चुनखडक, दुब्रोव्हनिकचाही चुनखडकच, पण उजळ आणि करडट. असा फिकट दगड फ्रेमभर असला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्याला मळकट करून टाकतो. दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजवीकडे थोपवून धरा, पण लाटेचा फेस जळू देऊ नका. ग्रॅनाइटला उलट, मीटर म्हणेल त्यापेक्षा थोडं कमी. रॉमध्येच (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा हे वेगळं सांगायला नको.

मऊ चुनखडकाची झीज स्वतंत्रपणे एक अख्खी सकाळ द्यावी इतकी फोटोजनक असते. समुद्राचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक आत वाढतात आणि दगडाचे कण ढकलून काढतात. हे वर्षानुवर्षं चाललं की दगडाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. काही ठिकाणी दगड आत खाल्ला जातो आणि सांध्यांमधला जास्त टणक चुना जाळीसारखा बाहेर राहतो. त्यावरून किती दगड गेला ते समजतं. ही झीज सगळीकडे सारखी नसते, तुषार पोचतात पण पावसानं धुऊन निघत नाहीत अशा कोपऱ्यांत ती जास्त सापडते. पुन्हा तेच: तिरकं ऊन, भिंतीला समांतर सेन्सर, ॲपर्चर एफ ८ किंवा एफ ११. मोजमाप म्हणून शेजारी काही तरी येऊ द्या: होडी बांधायची गंजलेली कडी, पायरी, एखादा हात. नुसत्या पोताचा फोटो किती मोठ्या भागाचा आहे ते बघणाऱ्याला कळत नाही.

आता फिल्टर. दहा स्टॉपचा एनडी १/६० सेकंदाला सुमारे १७ सेकंदांवर नेतो आणि समुद्राचं धुकं होतं. तसे फोटो आता इतके झाले आहेत की कुठलं बंदर ते खालची ओळ वाचल्याशिवाय ओळखू येत नाही. त्याहून महत्त्वाचं, ज्या पाण्याशी हा तट शतकानुशतकं झुंजतो आहे तेच पाणी फोटोतून पुसलं जातं. घ्यायचाच तर तीन किंवा सहा स्टॉपचा घ्या. पाव सेकंद ते एक सेकंद या टप्प्यात, लाट आपटून मागे ओघळत असताना शटर दाबा. दगडांवरून उतरणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या दोऱ्या दिसतात आणि तटाचा आकार त्या दोऱ्यांनीच काढला जातो. उसळलेली लाट हवी असेल तर १/१००० किंवा त्याहून जलद. त्या वेळी लाट सगळ्यांत उंच असतानाचा क्षण टाळा. ती वर जात असताना, कडा अजून धारदार असताना दाबा.

निळ्या संध्येसाठी थोडंच सांगतो. तटावरचे दिवे आणि आकाश यांचा उजेड सारखा होतो ती दहा-बारा मिनिटं कामाची. मध्यम अक्षांशांवर ती सूर्यास्तानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी येतात, गॉलसारख्या ठिकाणी लवकर येऊन लवकर संपतात. खालून टाकलेले दिवे भिंतीला घासूनच वर जातात, म्हणजे दिवसा समोरच्या उन्हामुळे सपाट दिसलेला तट रात्री दिव्यांत पोतदार दिसू शकतो. समोरच्या उन्हाचा महिना वाट्याला आला असेल तर त्या बाजूसाठी हीच वेळ राखून ठेवा.

सुरक्षितता. लाटांच्या दिवशी पोचल्या पोचल्या ट्रायपॉड उघडू नका. वीस मिनिटं नुसतं बघा. लाटा गटागटानं येतात आणि मोठ्या लाटांमध्ये बराच शांत वेळ जातो, त्या शांततेत माणूस पुढे सरकतो. फरशी कुठपर्यंत ओली आहे तिथपर्यंत पाणी आलेलं आहे, तेव्हा तुम्ही कोरड्यावरच. हिरव्या शेवाळावर कुठलाही बूट धरत नाही. सां-मालोसारख्या ठिकाणी ओहोटीला बेटावर गेलात तर परतीची वेळ फोनमध्ये गजर लावून ठेवा. वाट बुडाली तर पाणी पुन्हा उतरेपर्यंत तिथेच बसावं लागतं, पाण्यातून चालत येण्याचा प्रयत्न करायचा नाही. ड्रोनचा विचार असेल तर बंदर, नौदल आणि विमानतळ यांमुळे अशा शहरांत बहुतेक ठिकाणी बंधनं असतात. परवानगी आधी काढा, नाहीतर सोडून द्या. तटावरून पाण्यात उड्या मारणारी मुलं दिसतील, फोटो मोहाचा असतो. आधी बोला, आणि लहान मुलांच्या बाबतीत बरोबरच्या मोठ्यांना विचारा. तटावर गळ टाकून बसलेल्यांच्या मागे पुरेसं अंतर ठेवा, गळ मागे फिरवताना तो कुणाला लागेल हे ते बघत नाहीत.

मीठ हा कॅमेऱ्याचा शत्रू आहे आणि तो दिसत नाही. तुषार उडत असताना लेन्स बदलू नका. पुढच्या काचेवर साधा संरक्षक फिल्टर ठेवा. त्यावर सुकलेलं मीठ कोरड्या फडक्यानं कधीच पुसू नका, स्फटिक काच ओरखडतात. आधी हवेच्या फुग्यानं फुंकर, मग गोड्या पाण्यानं किंचित ओलं केलेलं फडकं, शेवटी कोरडं. खोलीवर परतल्यावर ट्रायपॉडचे पाय सुटे करून गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर काही महिन्यांत कुलुपं घट्ट बसतात. वातानुकूलित खोलीतून दमट किनाऱ्यावर निघताना कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या, म्हणजे काचेवर वाफ धरणार नाही.

तुमचे तीन दिवस असे वाटून घ्या. पहिल्या दिवशी कॅमेरा हलकाच ठेवा. फेरीनं बंदर ओलांडा, समोरून तट बघा, लिहून आणलेल्या अंशांशी प्रत्यक्ष ऊन ताडून घ्या, आणि दोन जागा नक्की करा, दोनच. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीवर ठरलेल्या उन्हाच्या आधी अर्धा तास पोचा आणि ऊन सरकेपर्यंत हलू नका. तिसरा दिवस दुसऱ्या जागेसाठी. मधल्या वेळात झिजलेले दगड, फांजीवरची वळणं, तटाआतल्या गल्ल्या. हवा बिघडली तर यातलं सगळं बाजूला ठेवून वाऱ्याच्या बाजूला जा, आणि सुरक्षित अंतरावरून १०५ मिमीनं लाटा काढा.